गवत जंगम, माती स्थावर

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने स्थावर मालमत्तेचा अर्थ सांगताना तीन गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत: उभे इमारती लाकूड, शेतातील उभे पीक आणि गवत. १९०८ च्या नोंदणी कायद्याने तोच मार्ग धरला. आणि १९३० च्या मालविक्री कायद्याने तर जमिनीपासून अलग करण्याचे ठरलेले गवत सरळ ‘माला’तच नेऊन बसविले. यामागचा हेतू अगदी व्यावहारिक आहे. कुरणातील गवत कापून विकणाऱ्या गरिबास दर हंगामी निबंधकाच्या कचेरीची पायरी चढावी लागू नये, एवढाच तो. परंतु नव्या वसाहतींतून घरापुढे अंथरली जाणारी आणि दोन उन्हाळ्यांत मरणारी हिरवळ पाहिली म्हणजे वाटते, की आमच्या सुशिक्षित गृहस्थांनी कायद्याची ही व्याख्या फारच अक्षरशः मनावर घेतली आहे. गवत हा गुंडाळी करून आणावयाचा, फरशीसारखा जोडावयाचा आणि मेला की नवा मागवावयाचा जंगम माल होय, अशी त्यांची खात्री झालेली दिसते. गवताला मूळ असते, मुळाला माती लागते आणि ती माती विकत मिळत नाही, ही गोष्ट मात्र कोणी त्यांच्या कानावर घातलेली नाही. ती घालण्यासाठी हा लेख.

उदाहरणासाठी पांढुर्णा आणि सौंसर या गावांकडे वळतो. आमच्या किनाऱ्याकडील वाचकांना पांढुर्णा हे नाव बहुधा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे, आणि सौंसर हे नाव जाम सावळीच्या निद्रिस्त मारुतीमुळे ठाऊक असेल. ही दोन्ही गावे मध्य प्रदेशात असली तरी घरांतून मराठी बोलली जाते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सीमा हलली, पण संत्र्याच्या बागा, कपाशीची शेते आणि काळी जमीन होती तेथेच राहिली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. जिल्हा झाला की कचेऱ्या येतात, कचेऱ्यांमागून बिऱ्हाडे येतात, प्लॉट पडतात, आणि प्रत्येक प्लॉटवर घरापुढे हजार चौरस फुटांचे लॉन असावे अशी हौस उत्पन्न होते. तेव्हा जे नागपुरात, पुण्यात आणि पणजीत होऊन चुकले आहे ते येथे होण्यापूर्वी दोन शब्द बोललेले बरे.

आमच्या खेड्यांची जुनी वाटणी काळी आणि पांढरी अशी होती. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीवर घर बांधावे, अंगण सारवावे, तुळशीवृंदावन उभारावे. काळीवर नांगर चालवावा. अंगणात गवत उगवले तर घरधनीण ते उपटून टाकीत असे, कारण गवतात जनावर लपते. घरापुढे कापून सपाट केलेले गवत राखण्याची रीत आमची नव्हेच. ती जेथे वर्षभर रिमझिम पाऊस पडतो त्या इंग्लंडची. तेथेही १८३० साली एडविन बडिंग याने गवत कापण्याचे यंत्र काढीपर्यंत ती मेंढरे अगर विळेकरी नोकर पोसू शकणाऱ्या श्रीमंतांपुरतीच होती. पुढे ती साहेबाच्या बंगल्याबरोबर येथे आली. साहेब गेला, बंगल्याचे आवार राहिले. यात राग मानण्यासारखे काही नाही. बटाटाही परकाच होता. परंतु बटाट्याने आमच्या मातीशी जुळवून घेतले. लॉनने मातीस आपल्याशी जुळवून घ्यावयास सांगितले, हा फरक आहे.

आता नव्या घराच्या आवारातील माती कशी तयार होते ते पाहा. पाया खणताना वरची वीतभर काळी माती सर्वांत आधी निघते आणि ती कोठे तरी खाली पडते. मग मुरूम निघतो, चुनखडीचे गोटे निघतात, आणि ते सर्वांत वर पसरले जातात. त्यावर वर्षभर सिमेंट कालवले जाते, विटांचे तुकडे, खडी आणि रंगाचे डबे पडतात, ट्रक व मिक्सर फिरून ती जमीन फरशीसारखी दबते. वास्तुशांतीच्या आठवडाभर आधी या मढ्यावर दोन ट्रॉल्या माती टाकून हिरवा गालिचा पांघरला जातो. तोही कोठल्या तरी रोपवाटिकेत प्लास्टिकवर वाढविलेला, तळाशी दोन बोटे लाल मातीचा थर असलेला. वरची लाल माती एका स्वभावाची, खालचा मुरूम दुसऱ्या स्वभावाचा. दोहोंच्या सांध्यावर पाणी अडते आणि मुळेही तेथेच अडतात. पावसाळ्यात पाहुणे वाखाणणी करतात. फाल्गुन लागला की कडा पिवळ्या पडतात, वैशाखात मधोमध टक्कल पडते. मग उपचारांस आरंभ होतो.

हे उपचार म्हणजे एक स्वतंत्र प्रहसन आहे. पिवळे दिसले की पहिला मान युरियाचा. चुनखडीच्या जमिनीवर वरून फेकलेल्या युरियाचा बराच अंश अमोनिया होऊन हवेत जातो; उरलेल्याने गवत आठ दिवस फसवे हिरवे होते आणि मुळे आहेत तेवढीच राहतात. शिवाय ते पिवळेपण पुष्कळदा नत्राच्या अभावाचे नसतेच. संत्र्याच्या बागाइतदारास विचारा. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे चिन्ह तो ओळखतो. चुन्याच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, त्याचे ते लक्षण आहे. गवताच्या पातीवर तेच हिरव्या-पिवळ्या उभ्या रेघांच्या रूपाने दिसते. त्यावर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून फवारले तर चार दिवसांत उत्तर मिळते. ते तात्पुरतेच असते, पण निदान रोगाचे निदान तरी होते.

दुसरा उपचार परभाषेतील बागकामाच्या पुस्तकांतून आलेला: हिरवळीस चुना घाला! जेथे पावसाने माती आंबट झाली आहे तेथे हा सल्ला योग्यच आहे. आमच्या गोव्या-कोकणातील जांभ्याच्या जमिनीत थोडा चुना उपकार करील. परंतु पांढुर्ण्याच्या बसाल्टावरील काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे हातांनी वेचता येतात. आणि ज्या प्राचीन खडकांना भूवैज्ञानिक ‘सौंसर समूह’ म्हणतात त्यांत मँगनीजच्या जोडीला संगमरवरही आहे. अशा जागी चुना घालणे म्हणजे मधुमेह्यास पेढा भरविणे होय. आपल्या आवारातील मातीचे चार सुके खडे कुटून त्यांवर लिंबू पिळून पाहावे. फसफसले तर चुन्याची पिशवी ज्याची त्यास परत करावी.

तिसरा उपचार वाळूचा. काळी माती चिकट, म्हणून तीत पाटीभर वाळू मिसळावी, असे माळी सांगतो आणि मालक मान डोलावतो. काळ्या मातीस पाटीभर वाळूने काहीही होत नाही. निम्म्याहून अधिक वाळू घालावी तेव्हा कोठे तिचा स्वभाव पालटतो. थोडक्या वाळूने मात्र ती वाळल्यावर विटेसारखी घट्ट बसते. आणि चौथा उपचार, जो सर्वांत महागडा आणि माझ्या मते अक्षम्य आहे, तो म्हणजे शेतातून आणखी काळी माती विकत आणणे.

येथे वकिलाने थोडे थांबावे. ३ फेब्रुवारी २००० च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने बांध, रस्ते, लोहमार्ग आणि इमारती यांच्या कामी भर घालण्यासाठी वा सपाटीकरणासाठी वापरली जाणारी साधी माती हे गौण खनिज ठरले. म्हणजे मातीने खड्डा भरला तर ती खनिज. तिने कपाशी पिकविली, संत्रे पिकविले, तर त्या अधिसूचनेस तिच्याशी कर्तव्य नाही. दगड, मुरूम, वाळू यांच्या पंक्तीस तिला बसविले आहे ते तिच्या वजनामुळे. तिच्यात जीव आहे, तो वीतभर थर घडावयास शतकानुशतके लागली आहेत, तो एकदा खरवडला की शेतकऱ्याच्या नातवाच्या हयातीतही परत येत नाही, याची नोंद करणारे कलम मला त्यात आढळत नाही. गरजू शेतकरी ट्रॉलीमागे चार पैसे मिळतात म्हणून माती देतो. त्यास मी दोष देणार नाही. घेणारा मात्र गरजू नसतो. त्याला चहा पिताना समोर हिरवे दिसावयास हवे असते, आणि त्या हिरव्यासाठी कोणाचे तरी शेत कायमचे उणे होते.

पाण्याचा हिशेबही एकदा मांडून टाकू. हजार चौरस फुटांवर एक इंच पाणी द्यावयाचे तर सुमारे २,३६० लिटर लागते. उन्हाळ्याच्या सोळा आठवड्यांत आठवड्याला एकदा एवढेच दिले तरी ते ३७,००० लिटरांवर जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण माणसामागे दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण धरले. त्या मापाने पाच माणसांच्या कुटुंबाचे हे साडेचार महिन्यांचे पाणी झाले. आणि हे काटकसरीने वागणाऱ्या मालकाचे. रोज सायंकाळी नळी धरून उभा राहणारा याच्या कितीतरी पुढे जातो, आणि त्याचेच गवत आधी मरते, कारण रोजच्या शिंपणाने मुळे वरच्या दोन बोटांतच घुटमळतात. ज्या तालुक्यांत संत्र्याची बाग जगविण्यासाठी विहीर पुरत नाही म्हणून बोअर, आणि बोअर पुरत नाही म्हणून आणखी खोल बोअर घेतली जाते, तेथे हा खर्च केवळ खाजगी राहत नाही.

एवढे ऐकल्यावर दुसऱ्या टोकाचे लोक टाळ्या पिटतील. त्यांचे म्हणणे, लॉन हे पापच. फरशी घाला, मोकळे व्हा. मी त्यांच्याही बाजूचा नाही. सबंध आवाराला फरशी घातली की पावसाचा थेंब गटारात जातो, उन्हाळ्यात रात्री बारापर्यंत घर भाजत राहते, आणि खालच्या मातीचा उरलासुरला जीवही जातो. घरापुढे चार हात गवत असावे, मुलांनी त्यावर लोळावे, ही इच्छा निरोगी आहे. प्रश्न इतकाच, की ते कोणत्या गवताचे असावे आणि त्याने कोणाच्या मातीवर जगावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण दर चतुर्थीस देवापुढे ठेवतो. दूर्वा म्हणजेच हरळी. यजुर्वेदातील जो मंत्र आपल्या देवळांतून म्हटला जातो त्यात तिचे वर्णन कांड्याकांड्यांतून, पेरापेरांतून उगवत जाणारी असे आहे, आणि वनस्पतिशास्त्रज्ञास त्यात एक अक्षर बदलावे लागणार नाही. यातील विनोद पाहा. आवाराच्या भिंतीपलीकडे शेतकरी उभा जन्म या हरळीशी लढतो; नांगरली, खणली, उन्हात वाळविली, तरी पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा हजर. भिंतीच्या अलीकडे सुशिक्षित गृहस्थ ‘मेक्सिकन’ आणि ‘कोरियन’ अशा नावांचे गालिचे फुटांच्या भावाने घेतो आणि त्यांस जगवू शकत नाही. आभाळ तेच, ऊन तेच, पाऊस तोच. फरक आहे तो मातीत, आणि मालकाच्या उतावळेपणात.

म्हणून मरू घातलेल्या लॉनवाल्यास माझा पहिला सल्ला, की क्षेत्र कमी करा. हजाराचे तीनशे चौरस फूट करा, तेही भर उन्हातले; आंब्याखाली हरळी येत नाही, तेथे पालापाचोळा पडू द्या. दुसरा सल्ला अधिक कटु आहे. पहिला पावसाळा गवतास देऊच नका. वैशाखात गवताचे एखादे टोक धरून ओढून पाहा. सतरंजीसारखे सबंध उचलले गेले तर खाली हुमणी आहे, आणि ती बहुधा कच्च्या शेणखताबरोबर आलेली असते. हातभर खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या सकाळी पाणी तसेच असेल तर मुरूम दबला आहे असे समजा. सिमेंटचे डिखळे, खडी, विटा वेचून काढा. पहारीने आणि कुदळीने वीतभर जमीन मोकळी करा. मग मृगाच्या पावसावर ताग अगर धैंचा दाट पेरा. दीड महिन्याने फुले दिसू लागली की कापून तेथेच गाडा. शेजारी हसतील, म्हणतील वकिलाने दारात ताग पेरला, हसू द्या. त्या तागाच्या मुळांनी मुरमात केलेल्या वाटा तुमच्या गवतास पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडतील.

पंधरा-वीस दिवसांनी, पावसाने उघडीप देऊन माती वाफशावर आली की, शेताच्या बांधावरून हरळी उपटून आणा. शेतकरी आनंदाने देईल. वर आशीर्वाद देईल. दोन-तीन पेरांच्या कांड्या करून चार बोटांच्या अंतराने खोचा. वर चाळलेले कंपोस्ट अर्धा इंच पसरा. तीनशे चौरस फुटांस ते साडेबारा घनफूट, म्हणजे तीसेक घमेली लागेल. पुढे दर वर्षी पावसाच्या तोंडी तेवढेच. जमीन ओली असता तिजवर चालू नका, काळी माती तेव्हाच सर्वांत अधिक दबते. कापताना दीड इंचाच्या खाली जाऊ नका आणि कापलेले गवत तेथेच राहू द्या. गांडुळे आली की समजा अर्धे काम झाले. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर पुस्तक लिहिले, त्यात इंग्लंडच्या पुष्कळ भागांत ही गांडुळे एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक सुकी माती पोटातून काढून वर आणतात असा त्याचा हिशेब आहे. एवढी मजुरी कोणता मालक देऊ शकेल?

तीस घमेली कंपोस्ट आणावयाचे कोठून, हा प्रश्न मात्र खरा आहे. पोळ्यास पूजावयाचे बैल दर वर्षी कमी होत आहेत, ट्रॅक्टर शेण टाकत नाही. परंतु याचे उत्तरही फार दूरचे नाही. १९२४ साली इंदुरास वनस्पतिउद्योग संस्था निघाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने शेतातील टाकाऊ पाला, कपाशीच्या पळाट्या, थोडे शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, तीनदा उलथापालथ करून, तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. १९३१ साली दोघांच्या नावाने त्यावर पुस्तक निघाले आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. परदेशी आजही ते नाव आदराने घेतात. ज्या प्रांतात ती जन्मली तेथील आम्ही पाला जाळतो, पळाट्या जाळतो, स्वयंपाकघरातील देठ-साली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत टाकतो, आणि मग लॉनसाठी दुसऱ्याच्या शेतातील माती विकत घेतो.

या मासिकाच्या वाचकांपुढे आणखी एक गोष्ट काढल्याशिवाय राहवत नाही, आणि ती काढली की काही वडीलधारी मंडळी रुष्ट होतील हेही मी जाणतो. आपल्या देवळांतून निघणारे निर्माल्य. झेंडू, शेवंती, बेल, तुळस, आणि त्याच दूर्वा. दोरा, प्लास्टिक आणि चकाकणारा कागद वेगळा केला तर यासारखे खत दुसरे नाही. आक्षेप असा, की निर्माल्य पायदळी येता कामा नये, म्हणून ते वाहत्या पाण्यात सोडावे. आक्षेपामागची भावना मला मान्य आहे. परंतु वैशाखात जाम आणि कन्हान या नद्यांचे वाहते पाणी किती उरते? पिशवीसकट सोडलेले निर्माल्य पुलाखालच्या डबक्यात कुजते, तेथे गुरांच्या पायांखाली येते, आणि हे आपल्या डोळ्यांआड होते म्हणून आपण शुद्ध राहिलो असे मानतो. भूमीवर पाय ठेवण्यापूर्वी पहाटे आपण तिची क्षमा मागतो. ती पायांखाली आहे म्हणून अपवित्र ठरत नाही. तीन महिने कुजून जे माती झाले ते निर्माल्य उरले नाही, ती भूमी झाली. यावरही ज्यांचे मन धजत नसेल त्यांनी ते खत लॉनवर न घालता आवाराच्या ईशान्य कोपऱ्यात हात-दोन हातांचा वेगळा दूर्वांचा वाफा करून त्यास घालावे. त्यावर कोणाचा पाय पडणार नाही, आणि भाद्रपदात एकवीस दूर्वांची जुडी बाजारातून आणावी लागणार नाही.

राहता राहिला उन्हाळा. चैत्र-वैशाखात हरळी तपकिरी होते, आणि सवयीचे मालक पुन्हा घाबरून नळी उचलतात. ती मेलेली नसते. पाने सोडून ती पेरांत आणि मुळांत जीव राखून बसते. पंधरा दिवसांतून एकदा, रात्री, माती वीतभर भिजेल एवढे पाणी तिला पुरते. तेही नसले तर बहुधा ती वाट पाहते. त्या दोन महिन्यांत पाहुण्यांनी आवार पाहून नाक मुरडले, तर त्यांस आत बोलावून संत्र्याचे सरबत द्यावे आणि मृगानंतर पुन्हा येण्याचे आमंत्रण करावे.